सागरी टाकीचे सायकलिंग नायट्राइटपाशी अडले आहे : पाणी फेकावे की वाट पाहावी?

रंकाळाकाठी

नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो. गोड्या पाण्याच्या, विशेषतः पाणवनस्पतींच्या टाक्या मी बरीच वर्षे सांभाळत आलो आहे. खाऱ्या पाण्याची रीफ, म्हणजे प्रवाळांची टाकी मात्र ही पहिलीच. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असून सम्प (गाळणीची जोडटाकी) धरून तिच्यात प्रत्यक्ष पाणी सुमारे २०० लिटर बसते. तळाला ॲरागोनाइट वाळूचा पातळ थर, त्यावर ड्राय रॉक (कोरडा, निर्जीव खडक), दोन वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप) आणि सम्पमध्ये स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र) व हीटर अशी मांडणी आहे. महापालिकेचे पाणी क्षार काढून टाकणाऱ्या आरओडीआय यंत्रातून काढून घेतले, त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य येतो. त्यात रीफसाठीचे मीठ मिसळून क्षारता ३५ पीपीटी (हजारी ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ ठेवले आहे. तापमान २६ अंश आणि पीएच ८.१ आहे.

सायकल, म्हणजे विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वसवणे, मासे न सोडता पूर्ण करायची असे आधीपासून ठरवले होते. त्यासाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचे अमोनियम क्लोराइड आणले आणि दर वेळी १.५ ग्रॅम मात्रा दिली. अमोनिया किटवर सुमारे २ पीपीएमपर्यंत (लिटरमागे २ मिलिग्रॅम) चढतो. तो शून्यावर आला की पुन्हा तेवढीच मात्रा, अशा आतापर्यंत तीन मात्रा झाल्या आहेत. पहिली मात्रा संपायला फार वेळ लागला; आता मात्र आज घातलेला अमोनिया उद्या याच वेळेपर्यंत नाहीसा होतो. अडचण नायट्राइटची आहे. थेंब परीक्षानळीत पडताक्षणी, नळी हलवण्याच्याही आधी, पाणी गडद जांभळे होते आणि कार्डावरच्या शेवटच्या ५ पीपीएमच्या चौकोनापेक्षाही तो रंग दाट दिसतो. गेले काही आठवडे त्यात तसूभरही फरक पडलेला नाही. नायट्रेटचे किट ८० ते १६० पीपीएमच्या मधला लाल रंग दाखवते.

ज्या दुकानातून टाकी घेतली तेथे सांगितले की पाणी बिघडले आहे, ते सगळे काढून टाका आणि नव्या मिठाने सुरुवात करा. दुसऱ्या एका ठिकाणी सल्ला मिळाला की दोन डॅमसेल (काटक सागरी मासे) नेऊन सोडा, ते टाकी आपोआप चालू करतील. सगळे पाणी नव्याने करायचे तर साडेसात किलो मीठ लागणार. खर्चाचे एक वेळ सोडून देऊ; पण इतक्या दिवसांत जे जिवाणू वाढले असतील ते त्या पाण्याबरोबर निघून जाणार नाहीत ना, ही शंका आहे. गोड्या पाण्यात आम्ही नायट्राइट शून्य झाल्याशिवाय एकही मासा सोडत नाही आणि येथेही तोच नियम असेल असे मी धरून चाललो आहे.

आणखी एक विचारायचे आहे. कामानिमित्त आंबा घाटातून रत्नागिरीला वरचेवर जाणे होते. तेथून समुद्राचे पाणी, वाळू किंवा एखादा जिवंत खडक (जीव वसलेला दगड) आणला तर सायकल लवकर पूर्ण होईल का?

परीक्षानळी

पाणी फेकू नये आणि डॅमसेलही सोडू नयेत. आपण दिलेल्या आकड्यांवरून टाकी व्यवस्थित चालली आहे. किट आपल्याला घाबरवते आहे, ते का, हे थोडा हिशेब केला की स्पष्ट होईल.

१.५ ग्रॅम अमोनियम क्लोराइडमध्ये सुमारे ०.३९ ग्रॅम नायट्रोजन असतो. तो २०० लिटर पाण्यात गेला की लिटरमागे जवळजवळ २ मिलिग्रॅम, म्हणजे २ पीपीएम नायट्रोजन झाला. हाच नायट्रोजन नायट्राइटच्या रूपात गेला की त्याचे वजन सुमारे ३.३ पट भरते आणि नायट्रेटच्या रूपात गेला की ४.४ पट, कारण दोन्हींमध्ये ऑक्सिजनचे वजन येऊन मिळते. म्हणजे आपली एकच मात्रा पूर्णपणे नायट्राइटमध्ये बदलली तरी ६.६ पीपीएम नायट्राइट होतो, आणि आपले कार्ड ५ पीपीएमलाच संपते. तीन मात्रांचा मिळून कमाल नायट्राइट २० पीपीएमच्या आसपास जाईल. त्यामुळे १९ वरून १२ वर उतरला तरी आपल्याला तोच जांभळा रंग दिसत राहणार. तो हलत नाही असे आपण म्हणता, पण किटला ती हालचाल दिसण्याची सोयच नाही.

यावर उपाय सोपा आहे. सिरिंजने टाकीतले १ मिलिलिटर पाणी घ्यावे, त्यात ९ मिलिलिटर आरओडीआय पाणी मिसळावे, त्या मिश्रणातून किटला लागते तेवढे पाणी घेऊन चाचणी करावी आणि आलेल्या आकड्याला १० ने गुणावे. कार्ड व नळी खिडकीशी, दिवसाच्या उजेडात धरावी. ट्यूबलाइटखाली जांभळ्याच्या छटा नीट ओळखू येत नाहीत.

नायट्रेटच्या आकड्यात मात्र खरोखरच पाणी मुरते आहे. या किटमध्ये आधी नायट्रेटचे नायट्राइट करून घेतात आणि मग रंग मोजतात. टाकीत मुळातच नायट्राइट असेल तर तोही त्या रंगात मिसळतो आणि आकडा भलताच फुगतो. आपण टाकलेल्या सगळ्या नायट्रोजनचे नायट्रेट झाले असे धरले तरी ते २७ पीपीएमच्या पुढे जाऊ शकत नाही. मग ८० आणि १६० कोठून येणार? नायट्राइट उतरेपर्यंत नायट्रेटची चाचणी करूच नये. तेवढेच रसायन वाचेल.

आता मूळ मुद्दा. गोड्या पाण्यातला जो नियम आपण येथे आणला आहे तो तेथे अगदी योग्य आहे, पण समुद्राच्या पाण्याला तो लागू होत नाही. गोड्या पाण्यातील मासा कल्ल्यांतून पाण्यातले क्लोराइड ओढून घेत असतो आणि नायट्राइट त्याच वाटेने रक्तात शिरतो. रक्तात गेल्यावर तो हिमोग्लोबिनचे रूप बदलतो, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी आपण गोड्या टाकीत मीठ टाकतो, ते यासाठीच: क्लोराइड वाढले की नायट्राइटला आत शिरायला वाव उरत नाही. आपल्या सागरी टाकीत तर लिटरमागे सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड आहे. त्याच्यापुढे १५-२० मिलिग्रॅम नायट्राइटची काय पत्रास! अनेक सागरी माशांच्या बाबतीत नायट्राइटची घातक पातळी शेकडो पीपीएममध्ये आहे.

अमोनियाचे याच्या नेमके उलट आहे. पाण्यात तो दोन रूपांत असतो आणि त्यातले मुक्त अमोनियाचे रूप विषारी असते. पीएच ७ असलेल्या गोड्या टाकीत एकूण अमोनियापैकी एक टक्काही मुक्त रूपात नसतो, पीएच ८.२ असलेल्या सागरी टाकीत तो सुमारे ६ ते ८ टक्के असतो. किटवरचा तोच आकडा येथे कितीतरी पटींनी अधिक जहाल ठरतो. दोन डॅमसेल सोडून टाकी चालू करण्याच्या सल्ल्याला माझा विरोध आहे तो याचसाठी. डॅमसेल काटक असल्यामुळे बहुधा वाचतात, पण त्यांचे कल्ले भाजून निघतात, ते आपल्याला बाहेरून दिसत नाही इतकेच. शिवाय वाचलेले डॅमसेल पुढे सोडलेल्या प्रत्येक माशाच्या जिवावर उठतात आणि खडक न काढता त्यांना पकडणे जवळजवळ अशक्य असते.

म्हणून सागरी टाकीत पाहायचे ते एवढेच की २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर येतो की नाही. आपल्याकडे तो येतो आहे. चौथी मात्रा देऊ नये.

पाण्याबरोबर जिवाणू जातील ही भीती बाळगण्याचे कारण नाही. हे जिवाणू खडकावर, वाळूच्या कणांवर आणि सम्पच्या भिंतींवर चिकटून राहतात; पाण्यात तरंगणारे त्यामानाने नगण्य असतात. निम्मे पाणी बदलले तरी सायकल पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही.

एक शंका मात्र आहे. आपला खडक कोरडा, पाणी शून्य टीडीएसचे आणि खाद्य म्हणून निव्वळ अमोनियम क्लोराइड; म्हणजे टाकीत फॉस्फेट जवळजवळ नसणार. जिवाणूंना पेशी बांधायला फॉस्फरस लागतो आणि नायट्राइट खाणाऱ्यांचे गाडे त्यावाचून अडून राहते. माशांच्या खाद्याची एक चिमूट टाकून पाहावी. फॉस्फेटचे किट असल्यास आधी आणि नंतर मोजून येथे कळवावे.

संथ प्रवाह

वरील हिशेब बरोबर आहे आणि नायट्राइटने सागरी मासा मरत नाही हेही खरे आहे. तरीही मी स्वतः नायट्राइट बऱ्यापैकी उतरेपर्यंत थांबेन. विषाची भीती हे त्याचे कारण नव्हे. नायट्राइट उतरला की दुसऱ्या टप्प्याचे जिवाणूही वसले, याचा घरबसल्या मिळणारा पुरावा तोच आहे, आणि तो हाती येईपर्यंत नायट्रेट मोजता येत नाही, हे आपण वाचलेच. रीफ टाकीत नायट्रेट न मोजता पुढे जाणे म्हणजे अंधारात गाडी हाकणे आहे. शिवाय माशांविषयी जेवढे ठामपणे सांगता येते तेवढे कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांच्याविषयी मी सांगणार नाही.

अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट हे दोन टप्पे वेगळे असतात आणि ते वेगवेगळे जीव पार पाडतात, हे सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले. दुकानांतल्या बाटल्यांवर आजही नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही दोनच नावे मिरवतात; टाक्यांमध्ये दुसऱ्या टप्प्याचे काम बहुधा नायट्रोस्पायरा करतो. याहून रंजक गोष्ट २००५ सालची आहे. अमोनिया खाणारा एक अगदी वेगळाच सूक्ष्मजीव, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, त्या वर्षी प्रथम वेगळा करून वाढवण्यात आला, आणि तो मिळाला होता अमेरिकेतल्या सिॲटल शहराच्या मत्स्यालयातल्या एका उष्णकटिबंधीय टाकीच्या खडीतून. तो जिवाणूदेखील नाही, आर्किया या निराळ्या गटातला आहे, आणि अगदी विरळ अमोनियावर जगण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. हे येथे सांगण्याचे कारण असे की चालू रीफ टाकीत अमोनिया दिवसभर थोडा थोडा, मोजताही येणार नाही इतका सुटत असतो. २ पीपीएमची मात्रा ही परीक्षा घेण्यापुरती ठीक आहे. ती पुन्हा पुन्हा देत राहिल्याने टाकी अधिक बळकट होते असे नाही. नायट्राइटचा डोंगर मात्र उभा राहतो. यापुढे रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे फॉस्फेटचाही प्रश्न मिटेल.

ऑक्सिजनकडे लक्ष द्यावे. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होईपर्यंत सुमारे ४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. खारे पाणी गोड्यापेक्षा मुळातच कमी ऑक्सिजन धरते आणि ते तापले की आणखी कमी. एक वेव्हमेकर वर वळवून पृष्ठभाग चांगला ढवळत ठेवावा आणि स्किमर चालू ठेवावा. दिवे बंदच असू द्यावेत. जिवाणूंना त्यांचा काही उपयोग नसतो, शेवाळाला मात्र तेच हवे असते.

बाटलीतल्या जिवाणूंविषयी आपण विचारलेले नाही, पण कोणी ना कोणी सुचवीलच. ते ताजे असतील तर चार-सहा आठवड्यांचे काम दोन-तीन आठवड्यांवर येते. मात्र एप्रिल-मेमध्ये कुरियरच्या गाडीत तापत आलेल्या बाटलीत जिवंत किती उरले असतील याचा भरवसा नसतो. आपला पहिला टप्पा तर स्वतःच्या बळावर पूर्ण झाला आहे, त्यामुळे आता त्यावर पैसे घालू नयेत. कोळंबी कुजवण्याची जुनी पद्धतही चालते, पण अमोनिया किती सुटला याचा काही अंदाज लागत नाही आणि घरच्यांना वासाने नाक धरून बसावे लागते.

मांडवी किनारा

रत्नागिरीहून लिहितो आहे, त्यामुळे समुद्राच्या पाण्यापुरते सांगतो.

पाणी आणता येते, पण त्याने सायकल लवकर होईल असे नाही. जिवाणू पृष्ठभागावर असतात हे वर आलेच आहे. मिठाचा खर्च वाचतो एवढाच फायदा. पाणी न्यायचे असेल तर पावसाळा संपून समुद्र निवळल्यावर, भरतीच्या वेळी, बंदर आणि खाडी यांपासून दूर भरावे. काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते, तेथल्या आसपासचे पाणी कोणत्याही ऋतूत घेऊ नये. जून ते सप्टेंबर या काळात तर किनाऱ्याजवळची क्षारता इतकी उतरते की रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजण्याचे यंत्र) लावल्याशिवाय विश्वास ठेवू नये. आणि रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणाने लावून घ्यावा. साध्या पाण्याने शून्यावर लावलेले यंत्र ३५ ला चुकीचे दाखवू शकते.

वाळू नेऊ नये. आमच्या किनाऱ्यावरची काळी वाळू दिसते सुंदर, पण तिच्यात इल्मेनाइट आणि इतर लोहयुक्त खनिजे आहेत. तिचे बारीक कण पंपाच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि रोटर खातात. काळी नसलेली वाळूही बरीचशी सिलिकाची असते. आपण घातलेल्या ॲरागोनाइटची सर तिला येणार नाही.

जिवंत खडकाचा विचार मनातून काढून टाकावा. खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा गाडीत सापडला तरी तो गुन्हा आहे. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर वसलेले काय प्रवाळ आहे आणि काय नाही, हे जाणकारालाही चटकन सांगता येत नाही. तेव्हा एकही दगड उचलू नये. आपल्या टाकीत ड्राय रॉक आहे हे उत्तमच आहे. रत्नागिरीला येणे होतच असेल तर झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय सवडीने पाहावे. चालू असलेली सागरी टाकी कशी दिसते याचा अंदाज येतो.

रंकाळाकाठी

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे दहापट विरळ करून चाचणी केली. पाण्याचा रंग १ आणि २ पीपीएमच्या चौकोनांच्या मधोमध आला, म्हणजे टाकीत नायट्राइट १५ च्या आसपास असावा. फॉस्फेटच्या नळीत रंग मुळीच आला नाही. कालपासून चिमूटभर खाद्य घालण्यास सुरुवात केली आहे.

घरातल्यांची उत्सुकता लक्षात घेता पुढचा क्रम कसा ठेवावा? पहिले जीव कोणते, प्रवाळ केव्हा, आणि कोल्हापूरच्या उन्हाळ्यात चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घ्यावाच लागेल का, हे कृपया सांगावे. पावसाळ्यात आमच्या भागात वीज जाते, त्याचीही चिंता आहे.

परीक्षानळी

आपला आकडा हिशेबात चपखल बसतो. १५ पीपीएम नायट्राइट म्हणजे सुमारे ४.६ पीपीएम नायट्रोजन. आपण एकूण ६ टाकला होता. उरलेल्या १.४ चे नायट्रेट झाले असेल तर ते ६ पीपीएमच्या आसपास भरते. तेव्हा खरा नायट्रेट ६ आणि किटवर ८० ते १६०, असा हा प्रकार आहे. दुसरा टप्पाही सुरू झाला आहे, एवढे यावरून नक्की.

फॉस्फेट शून्य दाखवत असताना थोडे खाद्य घातल्यावर नायट्राइट बहुधा झपाट्याने उतरू लागेल. संथ प्रवाह यांचे म्हणणे मला मान्य आहे. घाई नसेल तर विरळ न करता केलेल्या चाचणीत नायट्राइट १ च्या खाली येईपर्यंत थांबावे. त्यानंतर निम्मे पाणी बदलून नायट्रेट मोजावे. पाणी बदलताना नवे मिठाचे पाणी वेगळ्या पिंपात पंप लावून एक दिवस आधी तयार करावे, त्याचे तापमान व क्षारता टाकीशी जुळवावी आणि अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता) पाहून घ्यावी. नायट्रिफिकेशनमध्ये, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट होताना, प्रत्येक १ पीपीएम नायट्रोजनमागे सुमारे ०.४ डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक) अल्कलिनिटी खर्च होते; आपल्या तीन मात्रांनी ती दोन-अडीचने खाली आली असणार. ती ८ च्या वर असू द्यावी.

बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरताना मात्र नेहमी आरओडीआयचे गोडे पाणीच घालावे, कारण वाफ पाण्याची होते, मीठ टाकीतच राहते. गोड्या टाकीची सवय असलेल्यांकडून येथे हमखास गफलत होते. स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी त्यासाठी वापरू नये. त्याला चवीसाठी टीडीएस वाढवण्याचा व्हॉल्व्ह असतो आणि सिलिकेटही बऱ्यापैकी येते.

पहिले जीव म्हणून काही गोगलगायी आणि एक क्लाउनफिश किंवा त्यांची एक लहान जोडी पुरे. क्लाउनफिश घेताना तो हॅचरीत जन्मलेला आहे का, हे आवर्जून विचारावे. भारतातही त्यांचे प्रजनन आता होते. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे. असे मासे समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा टाकीत लवकर रुळतात आणि सुके खाद्य खातात. दुसरा मासा सोडण्याआधी दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे, कारण जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाच्या प्रमाणात वाढते आणि त्यांचे दुप्पट होणे आतड्यातल्या जिवाणूंसारखे मिनिटांत नसते, त्याला कित्येक तास ते दिवस लागतात.

दिवे लागले की टाकी कुरूप होईल, ही पूर्वसूचना घरातल्यांना आधीच देऊन ठेवावी. प्रथम वाळूवर व काचेवर तपकिरी डायटमची (सूक्ष्म शेवाळाची) साय धरते, ती बोटाने सहज पुसली जाते आणि सिलिकेट संपले की आपोआप ओसरते. मग हिरवे केसाळ शेवाळ येते. कधी तांबूस जांभळ्या सायनोबॅक्टेरियाचे पापुद्रे पसरतात. या काळात दर आठवड्याला नवे औषध ओतणारा माणूस टाकीचे सर्वांत जास्त नुकसान करतो. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेण्याचा हट्टही धरू नये. डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट, बुडबुडे धरणारे संकट नेमक्या अशाच निर्मळ टाकीत शिरते. खडकावर गुलाबी-जांभळे कोरलाइन शेवाळ दिसू लागले की टाकी स्थिरावू लागली असे समजावे, आणि त्याला काही महिने लागतात.

प्रवाळांमध्ये झोॲन्थिड, मशरूम यांसारखे मऊ प्रकार क्लाउनफिश रुळल्यावर पाहता येतील. कठीण सांगाड्याच्या प्रवाळांचा विचार सहा महिन्यांच्या आत करू नये आणि त्यांच्या बाबतीत मांडवी किनारा यांनी सांगितलेला कायदा डोळ्यांसमोर ठेवावा. परदेशी प्रजातींपैकी ज्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीत आल्या आहेत, त्या बाळगण्यासाठी नोंदणी लागते. विक्रेता कागद दाखवू शकत नसेल तर त्याच्याकडून काहीही घेऊ नये, मग तो तुकडा कितीही स्वस्त असो.

संथ प्रवाह

उन्हाळा आणि वीज यांविषयी मी लिहितो.

कोल्हापूरची हवा किनाऱ्याच्या मानाने कोरडी असल्यामुळे मार्च ते मे या काळात सम्पवर लावलेले दोन लहान पंखे बहुतेक वेळा पुरतात. बाष्पीभवनामुळे पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. त्याची किंमत म्हणून आपल्याएवढ्या टाकीतून रोज काही लिटर पाणी उडून जाईल, त्यामुळे गोडे पाणी आपोआप भरणारे फ्लोट लावून घेणे बरे. पावसाळ्यात दमट हवेत पंख्यांचा प्रभाव कमी होतो, पण तेव्हा खोलीही तापत नाही. पाणी २८ च्या वर दिवसेंदिवस राहू लागले तरच चिलरचा विचार करावा. खिडकीतून दुपारचे ऊन टाकीवर येत असेल तर आधी पडदा लावावा.

वीज गेल्यावर सर्वांत आधी ऑक्सिजन संपतो. तापमान आणि गाळण यांचा प्रश्न त्यानंतरचा. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर लावावा, तो दहा-पंधरा वॅटचा असल्याने बॅटरी रात्रभर टिकते. हीटर आणि रिटर्न पंप (सम्पमधले पाणी टाकीत परत चढवणारा) त्यावर लावू नयेत. याशिवाय बॅटरीवर चालणारा एक साधा हवेचा पंप घरात असू द्यावा. रिटर्न पंप बंद पडल्यावर टाकीतून सम्पमध्ये किती पाणी उतरते हे आत्ताच, टाकीत मासे नसताना, पंप बंद करून पाहून घ्यावे आणि सम्पमध्ये तेवढी जागा राहील अशी पातळीची खूण पट्टीने करून ठेवावी.

पुराच्या दिवसांत विजेइतकीच पाण्याचीही अडचण होते. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि शहराच्या नळांना कित्येक दिवस पाणी नव्हते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागल्याच्या बातम्या आल्या की आरओडीआयचे पाणी झाकणाच्या पिंपांत भरून घ्यावे. आपल्या टाकीला ६० ते ८० लिटर गोडे पाणी आणि एका पाणीबदलापुरते कोरडे मीठ एवढा साठा पुरेल. मिठाची पिशवी मात्र हवाबंद डब्यात ठेवावी, जुलैच्या हवेत ती उघडी राहिली तर आठवड्यात तिचा दगड होतो.